गावातल्या सेंटरवरच्या प्रिंटरची कलर सेटिंग: नवीन ऑपरेटर भाऊ-ताईंसाठी

आपल्याकडं सेवा केंद्र असो, ग्रामपंचायत असो, झेडपीची शाळा असो की बचत गटाचं ऑफिस, एक इंकटँक प्रिंटर असतोच, आणि नवीन माणूस खुर्चीवर बसला की लवकरच तक्रार सुरू होते, स्क्रीनवर त बरोबर दिसून राहिलं, मग प्रिंट काढली की चेहरा हिरवा काहून येते? मग कोणीतरी सांगते, सेटिंगमध्ये जा अन् रंग कमी-जास्त कर. हे मी सुरवातीलाच ठासून सांगतो, ते स्लायडर, म्हणजे रंग कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या, ओढणं हे सगळ्यात शेवटचं काम आहे. बहुतेक वेळा गडबड सेटिंगची नसतेच, नोझलची (शाई सोडणारी बारीक छिद्रं) नाहीतर कागदाची असते, आणि आधीच स्लायडर ओढून ठेवले की नंतर खरा दोष सापडत नाही. म्हणून पायऱ्या ज्या क्रमानं दिल्या त्याच क्रमानं करा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात सेंटर चालवतो. एप्सन आणि कॅनन दोन्ही वापरतो म्हणून मेनूची नावं त्यांचीच देतो, दुसऱ्या कंपनीत नाव थोडं बदलते, काम तेच.

आधी हे जवळ घेऊन बसा

- साधा ए-फोर कागद, ७० किंवा ७५ जीएसएमचा, तुम्ही रोज वापरता तोच
- फोटो पेपर, तोही रोजचाच (आज एक कंपनी, उद्या दुसरी असं करू नका, प्रत्येकाचा पांढरा वेगळा असते)
- यूएसबी केबल, वायफायवर चालत असलं तरी
- कंपनीच्या साइटवरून उतरवलेला पूर्ण ड्रायव्हर (कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर)
- एक वही आणि पेन, आकडे लिहायला
- स्वतःचं टेस्ट पेज

टेस्ट पेज म्हणजे विंडोज काढते ते नाही. स्वतः एक पान बनवा. त्यात एका माणसाचा साधा, फिल्टर न लावलेला फोटो टाका, तिरंग्याचे पट्टे टाका (लाल-हिरवा-निळा या क्रमानं केशरी २५५-१५३-५१, हिरवा १९-१३६-८, हे आकडे कॉम्प्युटरवर नेहमी वापरतात), एक गडद निळा चौकोन, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडी रंगाची पट्टी, बारीक अक्षरातल्या मराठीच्या चार ओळी आणि एक क्यूआर कोड. हे पीडीएफ करून डेस्कटॉपवर ठेवा आणि नेहमी हेच छापा. राखाडी पट्टी सगळ्यात कामाची आहे, कारण चेहरा कसा हवा यावर दोन माणसांचं मत वेगळं होऊ शकते, पण राखाडीत गुलाबी किंवा हिरवी झाक आली की कोणालाही दिसते.

१. स्क्रीन आणि कागद सारखे दिसणार नाहीत, हे आधी ग्राहकाला सांगा

स्क्रीन उजेडातून रंग बनवते, लाल-हिरवा-निळा. प्रिंटर शाईतून बनवतो, सायन (आकाशी निळा), मजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि काळा. शाईत सायन आणि पिवळा मिळून हिरवा होते, मजेंटा आणि पिवळा मिळून लाल, सायन आणि मजेंटा मिळून निळा. एवढं पाठ करून टाका, पुढं सगळं यावरच चालते. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा किंवा निळा शाईत बनतच नाही, कोणतीही सेटिंग केली तरी. आणि पांढरा रंग प्रिंटर छापत नाही, पांढरा म्हणजे कोरा कागद, त्यामुळं कागद पिवळट असला तर सगळा फोटो पिवळट दिसणार.

इथं एक ट्रॅप आहे. विंडोजमध्ये नाइट लाइट नावाची सोय असते, संध्याकाळी स्क्रीन पिवळी करते. ती चालू असताना रंग जुळवायला बसू नका. स्क्रीनचा ब्राइटनेस फुल असला की प्रिंट काळपट वाटते, तो जरा उतरवा. आणि प्रिंट पिवळ्या बल्बखाली पाहू नका, ओसरीत या, दिवसाच्या उजेडात पाहा, उन्हात नाही, सावलीत.

२. नोझल चेक, हे सोडून पुढं जायचंच नाही

आपल्या प्रिंटरचं प्रिंटिंग प्रेफरन्सेस उघडा (कुठून ते पायरी ४ मध्ये दिलं आहे), मेंटेनन्स टॅबवर जा, नोझल चेक. साध्या कागदावर चार रंगांच्या रेषांची नक्षी निघते. एकही रेष तुटलेली नसावी. पिवळ्याच्या तुटलेल्या रेषा पटकन दिसत नाहीत, त्यासाठी कागद उजेडात तिरपा धरून पाहा, खूप जण इथंच फसतात, सगळं बरोबर आहे म्हणतात आणि पिवळा अर्धा गायब असते.

कोणता रंग बंद आहे हे प्रिंटवरूनही समजते. चेहरा हिरवट झाला तर मजेंटा कमी येऊन राहिला. सगळं लाल-नारिंगी दिसलं तर सायन. झेंड्याचा हिरवा निळसर आणि केशरी गुलाबी झाला तर पिवळा. अक्षरं फिकी किंवा तपकिरी दिसली तर काळा.

रेषा तुटल्या असतील तर हेड (नोझल असलेला भाग) क्लीनिंग करा आणि परत नोझल चेक. पण बाप्पा, क्लीनिंगवर क्लीनिंग मारत बसू नका. एप्सनच्या इंकटँक मॉडेलात तीनदा करूनही फरक नाही पडला तर प्रिंटर किमान १२ तास बंद ठेवायला कंपनीच सांगते, मग परत तपासायचं, आणि तरीही नाही झालं तरच पॉवर क्लीनिंग. त्याच्या आधी टाक्यांत शाई पुरेशी आहे का पाहा, निदान एक तृतीयांश पाहिजे, नाहीतर हवा ओढली जाते. प्रत्येक क्लीनिंगमध्ये शाई जाते आणि ती आत एका पॅडमध्ये जमा होते, ते पॅड भरलं की प्रिंटर छापणंच बंद करतो आणि तुम्हाला तो उचलून तालुक्याला नाहीतर यवतमाळ, अमरावतीला न्यावा लागते. तोवर दाखल्याचं काम थांबलं म्हणून समजा.

आपल्या भागातली खास अडचण: ऊन आणि लाइट

हे कोणत्या मॅन्युअलमध्ये आपल्यासाठी लिहून येत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. या इंकटँक प्रिंटरांना साधारण १० ते ३५ अंश तापमानात चालवायला सांगितलेलं असते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जाते, त्यात टिनाचं छत आणि कूलरपासून दूर कोपऱ्यात प्रिंटर. हेडच्या तोंडाशी शाई सुकते, म्हणून उन्हाळ्यात रंग बिघडण्याच्या तक्रारी वाढतात. उपाय साधा आहे, रोज सकाळी एक छोटी रंगीत प्रिंट काढा, चारही रंग असलेली, अर्ध्या पानाची पुरे. सुट्ट्यांत सेंटर बंद राहत असेल तर कोणाला तरी दोन-तीन दिवसांतून एकदा काढायला सांगून ठेवा. कूलरचा झोत सरळ प्रिंटरवर येऊ देऊ नका, कागद ओलसर होतो.

दुसरं लाइटचं. प्रिंटर नेहमी त्याच्याच पॉवर बटणानं बंद करायचा आणि बटणाचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग बोर्डाचं बटण. बटणानं बंद केला तर हेड आपल्या जागी जाऊन झाकणात बसते. लाइट मध्येच गेली किंवा कोणी बोर्डावरूनच बंद केलं तर हेड उघडंच राहते आणि सुकते. लोडशेडिंगच्या गावात इंकटँक प्रिंटर छोट्या यूपीएसवर ठेवला तर निदान बटणानं बंद करायला वेळ मिळते. लेझर प्रिंटर मात्र छोट्या यूपीएसवर लावू नका, त्याचा हीटर चालू होताना एकदम जास्त लोड घेते.

पावसाळ्यात उलटं होते, कागद ओल धरते, शाई पसरते, रंग मळकट दिसते. रीम उघडी ठेवू नका, उरलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा.

३. कागदाचा प्रकार बरोबर निवडा

मेन टॅबमध्ये पेपर टाइप असते. हा फक्त नाव सांगायचा रकाना नाही, यावरून प्रिंटर किती शाई टाकायची ते ठरवतो. आपली काळी माती जशी पाणी पिते तसा साधा कागद शाई पितो, फोटो पेपरवर मात्र शाई वरच्या थरात थांबते. साध्या कागदावर ग्लॉसी निवडलं तर कागद ओला होऊन लाटा येतात, मागून डाग दिसतात. फोटो पेपरवर प्लेन ठेवलं तर फोटो फिका आणि दाणेदार येते, आणि लोक म्हणतात सेटिंगमध्ये रंग वाढवा. रंग नाही वाढवायचा, पेपर टाइप बदलायचा.

बाजारातला दुसऱ्या कंपनीचा फोटो पेपर असेल तर ग्लॉसीचे जे दोन-तीन पर्याय दिसतात ते एकेक करून टेस्ट पेजवर पाहा आणि जो चांगला वाटला तो वहीत लिहा. कागद उलटा टाकला तर शाई वाळतच नाही. कोणती बाजू हे कळत नसेल तर ओल्या बोटानं कोपऱ्याला हात लावा, चिकट लागते ती छापायची बाजू.

क्वालिटी साध्या कागदाला स्टँडर्ड पुरे, फोटोला हाय. ड्राफ्ट ठेवून रंग जुळवायला बसू नका.

४. सेटिंग कुठून बदलायची

वर्डमध्ये प्रिंट देताना प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये जे बदलता ते तेवढ्यापुरतंच असते, वर्ड बंद केलं की गेलं. कायमचं बदलायचं असेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, मग प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, आपला प्रिंटर, आणि तिथून प्रिंटिंग प्रेफरन्सेस. विंडोज १० मध्ये डिव्हाइसेसमध्ये जाऊन मॅनेज दाबायचं.

तिथं रंगाचे स्लायडर दिसतच नाहीत, नुसतं कलर आणि ब्लॅक अँड व्हाइट एवढंच दिसते, असं झालं तर घाबरू नका. विंडोजनं वायफायवरून प्रिंटर आपोआप जोडला की साधा ड्रायव्हर लावून टाकते, त्यात हे पर्याय नसतात. प्रिंटर काढून टाका, कंपनीचा पूर्ण ड्रायव्हर टाका, यूएसबीनं जोडा, सगळं दिसेल.

तिथंच वर एक पर्याय असते, डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू देण्याचा. तो बंद करा, नाहीतर शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होत राहते आणि तुमची प्रिंट भलतीकडंच जाते.

५. रंगाचा मालक एकच ठेवा

ही पायरी नवीन लोकांना कोणी सांगत नाही. रंग दुरुस्त करणारे दोन जण असू शकतात, एक तुमचं सॉफ्टवेअर आणि दुसरा प्रिंटरचा ड्रायव्हर. दोघांनीही दुरुस्ती केली की फोटो लालभडक किंवा काळपट येते. फोटोशॉपमधून छापताना कलर हँडलिंगमध्ये प्रिंटर मॅनेजेस कलर्स ठेवा, नवीन माणसासाठी हेच सोपं. फोटोशॉपला मालक करायचं असेल तर ड्रायव्हरमधली दुरुस्ती पूर्ण बंद करावी लागते, एप्सनमध्ये कलर करेक्शनच्या कस्टममध्ये, कॅननमध्ये मॅचिंग टॅबवर नन. आणि फाइल आरजीबीच (स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा) ठेवा. ऑफसेटवाल्यानं सीएमवायके (शाईचे चार रंग) मागितलं असते म्हणून लोक तीच फाइल इथं छापतात, पण या छोट्या प्रिंटरांचा ड्रायव्हर आरजीबीच घेतो.

क्रोममधून प्रिंट देताना कलर की ब्लॅक अँड व्हाइट ते पाहून घ्या, तिथं ब्लॅक अँड व्हाइट राहिलं तर ड्रायव्हरमध्ये काहीही करा, रंग येणार नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकदम दाबलं की सिस्टिमचा प्रिंट डबा उघडते, मी तोच वापरतो. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये ग्रेस्केल (नुसतं काळं-राखाडी) आणि सेव्ह इंक अशा दोन टिकमार्क असतात, त्याही पाहा.

६. आता स्लायडर

इथपर्यंत येईस्तोवर बऱ्याच जणांचं काम झालेलं असेल. नसेल झालं तर एप्सनमध्ये मोअर ऑप्शन्स टॅब, कलर करेक्शनमध्ये कस्टम, मग अ‍ॅडव्हान्स्ड, तिथं कलर कंट्रोल्स. कॅननमध्ये मेन टॅबवर कलर इंटेन्सिटी मॅन्युअल करा आणि सेट दाबा. दोन्हीकडं ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि सायन, मजेंटा, यलो असे स्लायडर दिसतात. एप्सनमध्ये उणे २५ ते अधिक २५, कॅननमध्ये उणे ५० ते अधिक ५०, म्हणून मित्रानं त्याच्या प्रिंटरचे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले तर ते जसेच्या तसे टाकू नका.

एका वेळी एकच स्लायडर, तोही थोडाच. टेस्ट पेज छापा, जरा वाळू द्या, उजेडात पाहा, आकडा वहीत लिहा, मग पुढचा. ओली प्रिंट आणि वाळलेली प्रिंट यांच्या रंगात फरक असते.

- चेहरा आणि राखाडी पट्टी गुलाबी: मजेंटा थोडा कमी
- हिरवट: मजेंटा थोडा जास्त
- पिवळट: यलो कमी
- निळसर: आधी सायन कमी, मग गरज वाटली तर यलो जास्त
- सगळंच काळपट: ब्राइटनेस वाढवा, रंगाला हात लावू नका

एखाद्या रंगाचा स्लायडर टोकापर्यंत न्यावा लागून राहिला तर थांबा, दोष दुसरीकडं आहे. परत नोझल चेक करा, आणि शाईची बाटली पाहा. एप्सनच्या जुन्या मॉडेलांना ६६४ आणि एल ३११०, एल ३२५० सारख्यांना ००३ नंबरची शाई लागते, कॅननच्या जी २०१० ला जीआय ७९०. भलत्याच शाईनं भरलेल्या टाकीचा रंग स्लायडरनं सुधरत नाही. आणि भरताना दोनदा पाहून भरा, मजेंटाच्या टाकीत सायन गेली तर ते काम मेकॅनिकचंच.

एप्सनमध्ये फोटोएन्हान्स नावाचा पर्याय आहे, तो प्रत्येक फोटो स्वतःच्या मनानं सुधारतो, त्यामुळं एकाच माणसाचे दोन फोटो दोन रंगांचे येऊ शकतात. पासपोर्ट फोटोला तो नको.

७. निळा रंग जांभळा येते, त्याचं काय

याच्यावर वेगळं लिहितो कारण आपल्या भागात निळ्याचं काम भरपूर असते. १४ एप्रिलची जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, बुद्ध विहाराच्या कार्यक्रमाची पत्रिका, पंचशील ध्वज, आणि तिथं निळा जांभळा आला तर लोकांना वाईट वाटते, वाटणारच, तो रंग त्यांच्यासाठी नुसता रंग नाही. प्रिंटर खराब आहे असं नसते. स्क्रीनवरचा शुद्ध निळा, म्हणजे ०-०-२५५, शाईत बदलताना सायनसोबत मजेंटाही खूप पडते आणि जांभळा होते.

ड्रायव्हरमध्ये मजेंटा कमी केला तर पत्रिकेवरच्या फोटोतले चेहरे हिरवट होतील, म्हणून दुरुस्ती डिझाइनमध्येच करा. निळा निवडताना लाल शून्य, हिरवा ८० च्या आसपास, निळा १८० असं काहीतरी घ्या आणि तिथून थोडं इकडंतिकडं करून पाहा. कोरलमध्ये सीएमवायकेचे आकडे पाहण्याची सवय असेल तर सायन १०० असताना मजेंटा ६०-७० च्या वर नेऊ नका. पत्रिका शंभर काढायच्या आधी एक काढून मंडळाच्या माणसाला हातात द्या, मोबाइलवर दाखवू नका.

८. पासपोर्ट फोटो

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की दाबला जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मोबाइलचं ब्युटी फिल्टर बंद करून काढलेला पाहिजे, नाहीतर आपण रंग जुळवत बसतो आणि चेहराच खरा नसते. मागचा भाग पांढरा म्हणजे खरंच २५५-२५५-२५५ करा, थोडाही राखाडी राहिला तर प्रिंटर तिथं बारीक ठिपके टाकतो आणि गुलाबी झाक येते. ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचे आठ फोटो चार बाय सहाच्या कागदावर बसतात, प्रिंट देताना अ‍ॅक्चुअल साइज ठेवा, फिट नाही. आणि सावळ्या माणसाचा फोटो गोरा करून देऊ नका, ओळखपत्रावर चेहरा जुळला पाहिजे, हे लोकांना प्रेमानं समजावून सांगा.

९. सातबारा, दाखले, क्यूआर कोड

रंगाची गरज नसलेलं सगळं ग्रेस्केलमध्ये काढा. क्यूआर कोड असलेल्या कागदाला ड्राफ्ट क्वालिटी वापरू नका आणि दिल्यावर ग्राहकासमोर मोबाइलनं एकदा स्कॅन करून पाहा. ग्रेस्केल ठेवलं तरी रंगीत शाई थोडी जातेच, क्लीनिंगमध्ये चारही रंग वापरले जातात, टाकी कमी झाली म्हणून कोणावर संशय घेऊ नका.

१०. जुळलेली सेटिंग सेव्ह करून ठेवा

एप्सनमध्ये मेन टॅबवर प्रिंटिंग प्रीसेट्स असतात, अ‍ॅड-रिमूव्हनं नाव देऊन सेव्ह होते. कॅननमध्ये क्विक सेटअप टॅबवर सेव्ह. मी तीन ठेवलेत: दाखला, फोटो, पत्रिका.

सेंटरवर दोन-तीन जण बसत असतील तर त्याहून चांगली युक्ती, तोच प्रिंटर विंडोजमध्ये दुसऱ्यांदा जोडा, मॅन्युअली, तोच पोर्ट आणि आधीचाच ड्रायव्हर निवडून, फक्त नाव वेगळं द्या. एकाचं नाव दाखला, त्यात प्लेन आणि ग्रेस्केल कायम. दुसऱ्याचं नाव फोटो, त्यात ग्लॉसी आणि तुमचे स्लायडर. मशीन एकच, पण नवीन मुलाला फक्त नाव निवडायचं असते.

कलर लेझर असेल तर

शाळेत किंवा पंचायत समितीत कलर लेझर असते. तिथं नोझल नसते, मेनूमध्ये कलर कॅलिब्रेशन असते ते चालवा, टोनर (लेझरची पावडर शाई) बदलल्यावर तर नक्कीच. टोनर सेव्ह चालू असेल तर रंग फिका येणारच. आणि इंकजेटचा ग्लॉसी फोटो पेपर लेझरमध्ये कधीही टाकायचा नाही, आत २०० अंशाच्या आसपास तापलेला रोलर असते, कागदाचा थर वितळून त्याला चिकटला तर खर्च मोठा येते.

मेकॅनिकला बोलवायच्या आधी

त्याला फोनवर नुसतं रंग बरोबर नाही असं सांगितलं तर तो अंदाजानं सामान घेऊन येतो आणि परत जातो. नोझल चेकचं पान, टेस्ट पेजचं पान आणि वहीतले आकडे, तिन्हीचा उजेडात फोटो काढून पाठवा, मॉडेल नंबर आणि कोणती शाई टाकली ते लिहा, शेवटचं क्लीनिंग कधी केलं तेही. प्रिंटर गाडीवर न्यायची वेळ आली तर शाईच्या टाक्यांची झाकणं घट्ट लावा, बटणानं बंद करूनच केबल काढा, आणि नेताना आडवा-तिरपा करू नका, सरळच धरा, टाकीतली शाई आत सांडली तर रंगाचा प्रश्न राहते बाजूला आणि बोर्डाचा खर्च उभा राहते.